भाऊबंदांनी बांधलेलं शहर

चंदीगड म्हटलं की पाठोपाठ ल कॉर्बुझिए हे नाव येतंच. शाळेच्या पुस्तकात, पर्यटनाच्या पत्रकांत, गाइडच्या तोंडी. एका मोठ्या माणसानं कागदावर रेघा मारल्या आणि शिवालिकच्या पायथ्याशी शहर उभं राहिलं, एवढ्यावर गोष्ट संपते. मला या गोष्टीचा उरलेला भाग जास्त आवडतो. कारण हे शहर घडलं ते एका भावानं दुसऱ्या भावाला हाक मारल्यामुळे, एका वास्तुविशारद जोडप्यानं तीन वर्षं पंजाबच्या उन्हात काढल्यामुळे, आणि त्यांच्या टेबलाभोवती जमलेल्या विशी-तिशीतल्या भारतीय पोरापोरींमुळे.

फाळणीत लाहोर गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचा पोलिश सहकारी मॅथ्यू नोविकी यांचा. ही जोडी छान जमली होती, पण 31 ऑगस्ट 1950 रोजी इजिप्तमध्ये झालेल्या विमान अपघातात नोविकी गेले आणि एकट्या मेयर यांच्याच्यानं काम पुढे रेटेना. मग पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोन सरकारी अधिकारी युरोपात माणसं शोधायला निघाले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय आणि त्यांची पत्नी जेन ड्र्यू तयार झाले. कॉर्बुझिएला घ्यावं का, असं विचारल्यावर फ्राय म्हणाले की तुमची शान वाढेल, माझ्या वाट्याला मात्र किती मनस्ताप येईल ते सांगता येत नाही. ही आठवण फ्राय यांनीच सांगितलेली. पुढे मनस्ताप झालाच.

पॅरिसच्या उस्तादाची अट अशी की आपण भारतात मुक्काम ठोकणार नाही. वर्षातून दोनदा, महिना-महिना येऊ. मग रोज साइटवर उभं कोण राहणार? तेव्हा त्यांना पिएर जानेरे आठवला.

कॉर्बुझिएचं खरं नाव शार्ल-एद्वार जानेरे. पिएर त्यांच्या चुलत नात्यातला, वयानं धाकटा. 1922 पासून पॅरिसमध्ये दोघांनी एकत्र दुकान मांडलं होतं. विचार थोरल्याचा, तो उभा राहील असं बघणारा धाकटा, अशी ढोबळ वाटणी होती. पुढे शार्लोत पेरियाँ आली आणि तिघांनी मिळून केलेल्या खुर्च्या आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. 1940 साली हे सगळं तुटलं. जर्मनांपुढे फ्रान्स पडल्यावर थोरला जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारच्या दारात कामासाठी खेटे घालू लागला, धाकटा ग्रेनोबलला जाऊन प्रतिकार चळवळीत सामील झाला. आपल्याकडे बांधाच्या वितीवरून भावांचं बोलणं बंद होतं. इथे तर देशाचा प्रश्न होता. दहा वर्षं गेली आणि मग चंदीगड आलं. दोघांनी आधी जुने हिशेब मिटवले की नाही, देव जाणे. माझा अंदाज असा की मिटवले नसावेत, समोर पसरलेल्या कामानंच ते झाकले असतील. सोबत काम करण्यात हीसुद्धा एक सोय असते.

1951 च्या फेब्रुवारीत सिमला रस्त्यावरच्या एका विश्रामगृहात चार दिवसांत नव्या शहराचा आराखडा कागदावर उतरला. मेयर उशिरा पोचले तोवर कॉर्बुझिएनं बरंच उरकून टाकलं होतं. बोलणं फ्रेंचमध्ये, आणि फ्राय यांची फ्रेंच बेताची. एका टेबलावर चार कलावंत बसले की कधी कधी असंच होतं. मोठ्या आवाजाच्या माणसाच्या हातात खडू असतो.

पण शहर चार दिवसांत बांधून होत नाही. कॅपिटॉलच्या भव्य इमारती कॉर्बुझिएच्या. माणसं राहतात ती सरकारी घरं मुख्यतः उरलेल्या तिघांची. मंत्र्यापासून चपराशापर्यंत घरांचे प्रकार ठरवले होते आणि प्रकाराच्या आकड्यापुढे करणाऱ्याचं आद्याक्षर लागायचं: जे म्हणजे जानेरे, एफ म्हणजे फ्राय, डी म्हणजे ड्र्यू. सरकारी फाइलीत श्रेयाची इतकी नेटकी वाटणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पैसा कमी, वीट स्वस्त, म्हणून विटांच्या जाळ्या, विटांचे कठडे, उन्हाला अडवणाऱ्या विटांच्या भिंती. सेक्टर 22 आधी उभा राहिला. ड्र्यूबाईंनी सगळ्यात हलक्या पगाराच्या नोकरांच्या घरांवर जीव ओतला. तीन वर्षांचा करार संपल्यावर फ्राय-ड्र्यू परतले, पिएर राहिला. 1965 पर्यंत.

तो तिथे नुसता राहिला नाही, रमला. सेक्टर 5 मधलं त्याचं 57 नंबरचं घर 2017 पासून संग्रहालय आहे. बांबू, दोर, साग, वेत, जे हाताशी येईल त्यातून तो बसायची-झोपायची साधनं करी. 1958 साली बांध घालून सुखना तलाव झाल्यावर त्यात फिरवायला पायानं चालवायच्या होड्याही त्यानं केल्या. 1967 साली जिनिव्हात तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे 1970 मध्ये पुतणीनं त्याची रक्षा सुखनेत सोडली. थोरल्या भावाला पुतळे आणि ग्रंथ मिळाले, धाकट्याला तलाव. धाकट्याचं बरं झालं, असं मला वाटतं.

सेक्टर 19 मधल्या जुन्या कार्यालयात आता ल कॉर्बुझिए सेंटर आहे. तिथे ऊर्मिला युली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा, एम. एन. शर्मा अशी मंडळी बसत; ग्यानी रतनसिंग लाकडी प्रतिकृती घडवत. युलीबाई फ्रेंच जाणत, त्यामुळे कॉर्बुझिए साहेबांशी भांडणंही फ्रेंचमध्ये होत असणार. चंदीगडच्या त्या प्रसिद्ध खुर्च्या, सागाचे तिरके पाय आणि वेताची विणलेली बैठक, याच टेबलांवर जन्मल्या. आज त्या परदेशी लिलावांत लाखांनी विकल्या जातात आणि पाटीवर नाव बहुधा फक्त जानेरेचं. चौधरीबाईंचं नाव शोधावं लागतं. घरच्यांबरोबर काम करताना नाव मागायला जीभ रेटत नाही आणि पुढे लिलाववाले त्याचा फायदा घेतात.

आपल्याला हे नवं नाही. दादासाहेब फाळक्यांच्या पडद्यामागे सरस्वतीबाई होत्या. फिल्म धुण्यापासून युनिटच्या जेवणापर्यंत त्यांचा हात होता. पडद्यावर मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण. 1929 साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात काढली आणि 1942 मध्ये शांताराम बाहेर पडले. मैत्रीवर उभं राहिलेलं काम मैत्रीइतकंच टिकतं, पण तेवढ्यात ‘संत तुकाराम’ होऊन जातो.

काम सोबतीनंच उभं राहतं, या माझ्या मतापुढे चंदीगडचा एक माणूस बधत नाही: नेकचंद. रस्ते निरीक्षकाची नोकरी करत 1957 पासून त्यांनी राखीव जंगलात चोरून दगड, फुटक्या बांगड्या, कपबश्या, पाडलेल्या गावांचा मलबा जमवला आणि त्यातून माणसं-जनावरं उभी केली. सत्तरच्या दशकात बिंग फुटलं. बुलडोझर फिरवण्याऐवजी प्रशासनानं 1976 मध्ये बाग लोकांना खुली केली, नेकचंदना पगार आणि पन्नास मजूर दिले. नंतरचे धबधबे, कमानी, झोके या टोळीचे. ते झकास आहेत, पण डोळे अडकतात ते त्या आधीच्या, गुपचूप केलेल्या बाहुल्यांवर. काही गोष्टी एकट्यानंच होतात, हे मान्य करायला हवं. पुढे बाग पाडायला यंत्रं आली तेव्हा मात्र शहराचे लोक हात धरून आडवे उभे राहिले.

शहर थोडं जुनं झालं तशी त्यात नाटकाची कुटुंबं झाली. पुण्यात जन्मलेल्या नाट्यदिग्दर्शक अल्काझींची विद्यार्थिनी नीलम मानसिंग चौधरी यांनी ऐंशीच्या दशकात ‘द कंपनी’ काढली. तिच्यात नागर नटांच्या जोडीला नक्काल, म्हणजे वंशपरंपरेनं बाईचं सोंग वठवणारे पंजाबी कलावंत. तमाशाचे फड पाहिलेल्या मराठी माणसाला ही जात ओळखीची वाटेल: बापाकडून मुलाकडे आलेली ढोलकी, आलेले विनोद, आलेली उपासमार. लोर्काचं ‘येर्मा’ सुरजीत पातरांनी पंजाबीत आणलं, संगीत ब. व. कारंतांचं. ‘किचन कथा’मध्ये तर रंगमंचावर खरोखर स्वयंपाक व्हायचा. फोडणीचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला की प्रेक्षकही घरचाच होतो.

टागोर थिएटर बांधलं आदित्य प्रकाश यांनी, 1961 साली. ते चित्रं काढत, नाटकात कामंही करत. त्यांचा मुलगा विक्रमादित्य वास्तुकलेचा अभ्यासक झाला. 2002 मध्ये त्यानं चंदीगडच्या कॉर्बुझिएवर पुस्तक लिहिलं आणि पुढे वडिलांवर वेगळं. वडिलांवर लिहिताना त्यानं साहेबाची सावली बाजूला सारून त्यांची चित्रं, त्यांचे आराखडे आणि कॉर्बुझिएच्या शहराविषयीचे त्यांचे मतभेद पुढे मांडले. या पुस्तकाचा मराठी अनुवाद कुणीतरी करायला घ्यावा. बापलेकांनीच घेतला तर उत्तम.