आधी कळवा, मग मिरवा

पुणे शहराला पुन्हा एकदा लोकनियुक्त कारभारी लाभले आहेत. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले. आधीच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, अशी ७४ व्या घटनादुरुस्तीची स्पष्ट आज्ञा आहे; तरीही जवळजवळ चार वर्षे या शहराचा गाडा प्रशासकाने एकट्याने हाकला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे राज्यातील महापालिकांची कुलुपे निघण्याचा मार्ग मोकळा झाला. गुलाल उधळून झाला, हारतुरे झाले, चौकाचौकांत अभिनंदनाचे फलकही लागले. आता या १६५ जणांनी नेमके करावयाचे काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

या प्रश्नाची उत्तरे पुष्कळ मिळतील. कोणी म्हणेल रस्ते करा, कोणी म्हणेल पाणी द्या, कोणी म्हणेल कचरा उचला. ही सर्व कामे झालीच पाहिजेत, यात शंका नाही. परंतु आमच्या मते नगरसेवकाचे पहिले कर्तव्य याहून साधे आहे, आणि साधे आहे म्हणूनच बहुधा ते सर्वांत अधिक दुर्लक्षित राहिले आहे. ते कर्तव्य म्हणजे नागरिकांना कळविणे. पालिकेत काय चालले आहे, आपल्या प्रभागात काय होणार आहे, केव्हा होणार आहे, त्याला किती पैसा लागणार आहे, आणि जे होणार नाही ते का होणार नाही, हे ज्यांनी आपल्याला निवडून दिले त्यांना वेळच्या वेळी, समजेल अशा भाषेत सांगणे.

पूर्वी आपण या प्रतिनिधीला ‘नगरपिता’ म्हणत असू. पिता आपल्या व्यवहाराचा हिशेब मुलांना देत नसतो. देईल ते मुलांनी घ्यावे आणि सांगेल ते ऐकावे, अशीच ती जुनी रीत. पुढे तो शब्द मागे पडला आणि ‘नगरसेवक’ हा शब्द रूढ झाला. शब्द बदलला, पण वृत्ती बदलली काय? सेवकाने धन्याला हिशेब द्यावयाचा असतो. आमचे सेवक मात्र अजून पित्याच्याच थाटात वावरताना दिसतात. बाकांवर त्यांची नावे असतात, कापडी पिशव्यांवर त्यांची छायाचित्रे असतात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांच्या मागे त्यांचे सारे मित्रमंडळ उभे असते. त्या बाकाला किती खर्च आला, तो ‘स’ यादीतील कोणत्या तरतुदीतून झाला, आणि त्याच पैशात पलीकडच्या गल्लीतील फुटलेली मलवाहिनी दुरुस्त झाली असती की नाही, एवढे मात्र त्या बाकावर कोरलेले नसते.

कळविणे ही शोभेची गोष्ट नव्हे. ती प्रसंगी जीवनमरणाची गोष्ट ठरते, हे या शहराने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकले नाही. धरणाच्या भिंतीला धोका असल्याचे सरकारी यंत्रणेला त्यापूर्वीच कळून चुकले होते. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचीत होते. पण नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांना संकटाची खरी कल्पना आली ती पाणी दारात आल्यावरच. धरण फुटणे एक वेळ माणसाच्या हाती नसेल. धोका आहे एवढे सांगणे निश्चितच हाती होते.

ही साठ वर्षांपूर्वीची जुनी कहाणी झाली, असे कोणी म्हणेल. त्याने २५ जुलै २०२४ ची पहाट आठवावी. खडकवासल्यातून पाण्याचा मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत पाणी शिरले. रहिवाशांची तक्रार पावसाविषयी नव्हती, धरणाविषयीही नव्हती. आम्हांला वेळेवर कोणी सांगितले नाही, हीच त्यांची तक्रार होती. त्या वेळी पालिकेत प्रशासक होते, अभियंते होते, आपत्ती व्यवस्थापन कक्षही होता. नव्हता तो केवळ मध्यरात्री ज्याचे दार ठोठावता येईल असा त्या वस्तीचा लोकनियुक्त माणूस.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या विकाराने नांदेड, किरकटवाडी आणि सिंहगड रस्त्याचा परिसर हादरला. राज्यात दोनशेंहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे वळले. नांदेड, किरकटवाडी ही गावे जून २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेल्या २३ गावांपैकी. समावेशाबरोबर ग्रामपंचायत संपली आणि सरपंच गेला. पुढे पालिकेची निवडणूकच न झाल्याने नगरसेवक आला नाही. ना जुना कारभारी, ना नवा, अशा अवस्थेत ही गावे वर्षानुवर्षे राहिली. नगरसेवक असता तर रोग आलाच नसता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पडते की नाही हे विचारणारा, तपासणीचा निकाल मागून घेणारा आणि ‘पाणी उकळून प्या’ हे दारोदार जाऊन सांगणारा एक जबाबदार माणूस तेथे निश्चित असता. संकटाच्या काळात अफवा आणि माहिती यांत जे अंतर असते, ते अंतर भरून काढणारी व्यक्ती म्हणजे लोकप्रतिनिधी.

संकटाचे दिवस सोडून देऊ आणि रोजच्या संसाराकडे वळू. राहत्या घराच्या मिळकतकरात ४० टक्क्यांची सवलत पुण्यात १९७० पासून चालत आली होती. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. परंतु ती मिळविण्यासाठी अनेकांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज पुराव्यांसह ठरलेल्या मुदतीत द्यावा लागणार होता. ज्याला हे कळले त्याने अर्ज भरला. ज्याला कळले नाही, त्याच्यावर हक्काच्या सवलतीला मुकण्याची पाळी आली. वृद्ध निवृत्तिवेतनधारक, एकट्या राहणाऱ्या विधवा, दिवसभर नोकरीत अडकलेले मध्यमवर्गीय गृहस्थ यांना पालिकेच्या परिपत्रकांचा माग काढणे कसे जमावे? एक पानाची सूचना, वाड्याच्या किंवा सोसायटीच्या फलकावर लावलेली, एवढ्याने कित्येकांचे हजारो रुपये वाचू शकतात. त्या सूचनेला कोणत्याही अंदाजपत्रकीय तरतुदीची गरज नसते.

येथे नगरसेवकांचे एक ठरलेले उत्तर आम्हांला ठाऊक आहे. ते म्हणतात, “आमच्या हाती अधिकार कोठे आहेत? कार्यकारी सत्ता सारी आयुक्तांच्या हाती.” हे विधान खोटे नाही. आपल्या महापालिकांची घडण मुळातच अशी आहे की सभागृहाने धोरण ठरवावे, पैसा मंजूर करावा आणि अंमलबजावणी आयुक्तांनी करावी. पण याच कारणासाठी कळविण्याच्या कर्तव्याचे मोल वाढते. रस्ता करण्यासाठी निविदा लागते, नळ देण्यासाठी अभियंता लागतो; माहिती देण्यासाठी मात्र कोणाचीही मंजुरी लागत नाही. ज्याच्या हाती सत्ता थोडी, त्याने निदान जाणीव तरी वाटावी. शिवाय सभागृहात एकट्या नगरसेवकाने विचारलेला प्रश्न अधिकारी टोलवू शकतो. पण ज्या प्रश्नामागे सर्व माहिती हाती असलेला अख्खा प्रभाग उभा आहे, तो टोलविणे त्याला सोपे जात नाही.

दुसरे उत्तर असे की लोकांनाच रस नाही, सांगून उपयोग काय? हे मात्र आम्हांला मुळीच मान्य नाही. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा पुणेकरांनी त्यावर ऐंशी हजारांवर हरकती व सूचना नोंदविल्या. ज्या शहरातील माणसे एका किचकट नकाशावर इतक्या संख्येने लेखी म्हणणे मांडतात, त्या शहराला रस नाही असे कसे म्हणावे? त्या वेळी संस्थांनी, वृत्तपत्रांनी आणि जागरूक कार्यकर्त्यांनी नकाशाचा अर्थ लोकांना समजावून सांगितला होता. अर्थ समजला, की पुणेकर गप्प बसत नाही. अनास्था ही पुष्कळदा अज्ञानाचेच दुसरे नाव असते.

कायद्यानेही या बाबतीत काही कमी केलेले नाही. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात केंद्राच्याही आधी आला आणि २००५ पासून तो साऱ्या देशाला मिळाला. त्या कायद्याचे चौथे कलम सांगते की नागरिकाला अर्ज करण्याची वेळच येऊ नये, इतकी माहिती कार्यालयांनी आपण होऊन, स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावी. पुणे महापालिकेनेच दर सोमवारी दुपारी कागदपत्रे पाहण्यास खुली ठेवण्याचा पायंडा पाडला आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने तोच इतर कार्यालयांपुढे ठेवला. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवावीत, ही योजनाही या शहरात २००६ च्या सुमारास सुरू झाली. प्रभागातील मतदारांनी एकत्र बसून विचारविनिमय करावा, यासाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. ती मात्र कागदावरून खाली फारशी उतरली नाही. चौकट उभी आहे, दार बसविलेले आहे, कडीही आहे. दार उघडण्यास माणूस तेवढा हवा.

तो माणूस कोण, हेच आज नागरिकाला नीट कळेनासे झाले आहे. चार सदस्यांच्या प्रभागात, २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने, सरासरी ऐंशी हजारांवर माणसे राहतात. चौघांपैकी आपला कोण? श्रेय घेताना चौघेही पुढे, जबाबदारीच्या वेळी मात्र प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे, असा अनुभव कोणाला नाही? यावर उपाय अवघड नाही. चौघांनी पक्षभेद बाजूला ठेवून एकच फलक लावावा, एकच मासिक पत्रक काढावे आणि कोणत्या भागाचे व कोणत्या विषयाचे उत्तर कोण देणार हे त्यावर छापावे.

त्या पत्रकात काय असावे? गुरुवारी पाणी बंद राहणार असेल तर कोणत्या गल्लीत आणि किती वाजेपर्यंत. रस्ता खणला असेल तर कोणी, कशासाठी, आणि पुन्हा डांबरीकरण केव्हा. मुख्य सभेत प्रभागातील कोणते प्रश्न विचारले आणि प्रशासनाने काय उत्तर दिले. ‘स’ यादीतून कोणती कामे झाली आणि प्रत्येकी किती रुपये लागले. करांच्या सवलती, दाखले आणि अर्ज यांच्या मुदती. आणि शेवटी, सर्वांत महत्त्वाचे असे एक सदर: न झालेली कामे आणि त्यांची कारणे. जो नगरसेवक हे शेवटचे सदर नियमाने छापील, त्याच्या पहिल्या सदरांवर लोक आपोआप विश्वास ठेवतील. हातोहात फिरणाऱ्या भ्रमणध्वनीवरही हे सारे पाठविता येईल. पण ज्या आजींकडे तसा भ्रमणध्वनी नाही, त्यांच्यासाठी दुधाच्या केंद्रावरचा आणि देवळाशेजारचा कागद हवाच.

नागरिकांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. ‘आमचे तेवढे काम करून द्या’ म्हणून नगरसेवकाच्या दारात रांग लावणारा मतदार त्याला उपकारकर्ता बनवितो आणि स्वतः याचक बनतो. टँकर पाठविल्याबद्दल आभार मानण्याआधी, टँकरची पाळी का आली हे विचारावे. सोसायटीच्या सभेला नगरसेवकाला सत्कारासाठी बोलावू नये, हिशेबासाठी बोलवावे. ज्या महापालिकेच्या आधीच्या नगरपालिकेत महात्मा फुले यांनी सभासद म्हणून आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी अध्यक्ष म्हणून काम केले, त्या शहराच्या नागरिकाला आपल्या प्रतिनिधीकडून याहून कमी अपेक्षा ठेवणे शोभणारे नाही.

नव्या सभागृहापुढे पाच वर्षे आहेत. या पाच वर्षांत किती पूल झाले आणि किती उद्याने झाली, याची मोजदाद होईलच. आम्ही मात्र आणखी एक मोजमाप सुचवितो. मुदत संपताना प्रभागातील एखाद्या सामान्य गृहिणीला विचारावे: तुमच्या घरी येणारे पाणी कोठून येते, तुमच्या कराचा पैसा कोठे जातो, आणि काही बिघडले तर कोणाला विचारावयाचे? या तीन प्रश्नांची उत्तरे तिला देता आली, तर नगरसेवकाने सेवा केली असे आम्ही मानू. तोपर्यंत, सन्माननीय सभासदहो, तुमचे फ्लेक्स थोडे उतरवा आणि त्या जागी सूचनांचा फलक लावा. आधी कळवा, मग हवे तितके मिरवा!