परसातली कोंबडी

महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर एक रकाना होता : 'पालकांचा व्यवसाय'. मी तिथे 'शेती' असे लिहिले. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. पावसाने ओढ दिली, त्या वर्षी माझी परीक्षा फी आईच्या कोंबड्यांनी भरली. ते लिहायची तेव्हा लाज वाटली. म्हणून या अंकात त्यांच्याविषयीच लिहायचे ठरवले.

तुम्ही म्हणाल, कोंबडी पाळण्यात समजावून सांगण्यासारखे ते काय? सकाळी खुराडे उघडावे, मूठभर कण्या टाकाव्यात, दिवेलागणीला झाकावे. मलाही तसेच वाटे.

आमच्या आळीत दुपारी बायका धान्य निवडायला बसल्या, की कोंबड्यांचा विषय निघतोच. कोणाची कोंबडी खुडूक झाली, कोणाचा कोंबडा चांगला, याची सारी माहिती तिथे मिळते. गावठी कोंबडी वर्षाला साठाच्या आसपास अंडी देते. काही अंडी घातली, की ती खुडूक होते. म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात आणि २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. आठव्या रात्री आई एकेक अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरते. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर त्यात जीव आहे. नितळ दिसले तर ते काढून घ्यायचे. जीवशास्त्राचा एकही धडा न वाचता ती हे करते.

खुडूक कोंबडी अंडी देत नाही, हा हिशेबाने तोटाच. म्हणून जास्त अंड्यांसाठी निवडून सुधारित जाती तयार झाल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज दिली, हैदराबादच्या संशोधन केंद्राने वनराज. या परसात फिरून खातात, वजनाला भरतात आणि वर्षाला शंभरावर अंडी देतात. मध्य प्रदेशातील झाबुआचा काळ्या मांसाचा कडकनाथ तर २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यावर घरोघरी बोलण्यात आला. पण या कोंबड्या सहसा अंड्यांवर नीट बसत नाहीत. जात निवडताना हे कोणी सांगत नाही. मग पिल्लांची आई आपल्यालाच व्हावे लागते.

दोन वर्षांपूर्वी थंडीत मी हट्टाने गाडीवाल्याकडून तीन दिवसांची वीस सुधारित पिल्ले घेतली. चौकोनी खोक्यात ठेवून वर बल्ब लावला. रात्री वीज गेली. सकाळी पाहते तो गारठलेली पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली, खालची अकरा गुदमरून मेलेली. आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अगं, बिनआईची लेकरं ती. त्यांस्नी ऊब कोण देनार?" घरात एक गावठी कोंबडी खुडूक होऊन बसली होती. रात्री अंधारात आईने तिच्याखालची अंडी हळूच काढली आणि उरलेली नऊ पिल्ले सरकवली. सकाळी कोंबडी त्यांना पंखाखाली घेऊन बसली होती!

नंतर मी वाचले, की पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करायची. कोपरा राहू नये म्हणून पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करायचे, खाली भाताचे तूस पसरायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, चोची उघडून लांब पळाली तर उष्मा, सगळीकडे सारखी पांगली तर ठीक.

आईच्या ज्ञानाला एका ठिकाणी मात्र मर्यादा होती, ते म्हणजे मानमोडी. हा रोग आला, की मान वाकडी होऊन आठवड्यात खुराडे रिकामे होते. बायका त्याला 'वारं आलं' म्हणत आणि गप्प बसत. यावर औषध नाही, पण लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणीची लस. अडचण अशी, की लासोटाची लहान बाटलीही शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा कालवली, की दोन-एक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची बाई ती कशाला आणील?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वहीत घरोघरच्या कोंबड्या लिहून काढल्या. एकूण ब्याण्णव भरल्या. वर्गणी काढून बर्फात ठेवून लस आणली. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर आई धरायची, मी थेंब टाकायची. उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत मानमोडी आली. आमच्या आळीत एकही कोंबडी गेली नाही.

आळीतल्या बायका आता मला विचारतात, "पुढची बाटली कधी आनायची गं?" कॉलेजात शिकून काय उपयोग, असे विचारणाऱ्यांना माझी आई हल्ली ती वही दाखवते. आणि पुढच्या प्रवेशअर्जावर मी त्या रकान्यात 'शेती व कोंबडीपालन' असे लिहिणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला