चाहत्याचा अपराध आणि लोकांचे कुतूहल

एखाद्या विख्यात व्यक्तीवर तिच्याच चाहत्याने शस्त्र उगारले, ही वार्ता वाचली नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. ज्या भैंसा गावातून हे लिहीत आहे, ते १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते सीमेपलीकडे गेले व आज तेलंगणात आहे. येथे मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा कानी पडतात, परंतु अशा वार्तेविषयीचे कुतूहल तिन्ही भाषांत सारखेच. त्याचे मूळ कशात असावे?

पहिले कारण असे की, येथे प्रेमाचेच वैरात रूपांतर झालेले दिसते. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्क येथे गायक जॉन लेनन यांचा ज्याने खून केला, त्याने त्याच दिवशी सायंकाळी त्यांची स्वाक्षरी घेतली होती. १९९५ साली गायिका सेलेना हिला मारणारी स्त्री तिच्या चाहत्यांच्या मंडळाची संस्थापिका होती. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. कलावंत आपल्याला ओळखत नाही, तरी आपण त्याला ‘आपला’ म्हणतो. ही एकतर्फी जवळीक निरोगी मनात आनंदापुरती राहते. विकृत मनात ती हक्क सांगू लागते. त्या अपराध्यात आपल्याच भावनेचे विद्रूप प्रतिबिंब दिसते, म्हणून आपण थबकून पाहतो.

या हक्काच्या भावनेचे आपल्याकडील उदाहरण म्हणजे मुंबईचे बावला खून प्रकरण. त्यातील हल्लेखोर चाहते नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. तथापि कलावंत स्त्री ही कोणाच्या तरी मालकीची असते, ही समजूत तेथेही होतीच. इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी मुमताज बेगम हिला १२ जानेवारी १९२५ च्या सायंकाळी मलबार हिलवर मोटार अडवून पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. तिच्या सोबतचे व्यापारी अब्दुल कादर बावला गोळीने ठार झाले आणि तिचा चेहरा शस्त्राने विद्रूप करण्यात आला. योगायोगाने तेथून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तिला वाचविले. उच्च न्यायालयाने तिघांना मृत्युदंड ठोठावला. चौकशी की राज्यत्याग, असा प्रश्न पुढे येताच तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२६ साली गादी सोडली. या खटल्याने वृत्तपत्रे भरून गेली. पण मुमताजची कला कशी होती, हे सांगणारा आज क्वचितच भेटेल. लोकांच्या स्मरणात जखम राहिली, नृत्य राहिले नाही.

आमच्या मते या कुतूहलाचा खरा दोष येथे आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्ग येथे मोनिका सेलेस हिच्या पाठीत सुरा खुपसणारा मनुष्य तिची प्रतिस्पर्धी स्टेफी ग्राफ हिचा चाहता होता. त्याला प्रत्यक्ष तुरुंगवासाची शिक्षा झाली नाही. सेलेस मात्र दोन वर्षांहून अधिक काळ स्पर्धांपासून दूर राहिली. तरीही कथा रंगते ती त्याच्या वेडाची, तिच्या गमावलेल्या वर्षांची नव्हे.

मग अशा अपराध्यांचे नावच घेऊ नये काय? प्राचीन एफिससमध्ये हा उपाय करून झाला आहे. केवळ कीर्तीसाठी देवीचे मंदिर जाळणाऱ्या हेरोस्ट्रेटसचे नाव उच्चारण्यास नगराने बंदी घातली. तरी ते नाव सुमारे तेवीसशे वर्षे टिकून आहे. तात्पर्य, मौनाने कुतूहल मरत नाही; त्याला वळण लावावे लागते. वर्गात एखादा विद्यार्थी अशा घटनेविषयी विचारील, तेव्हा शिक्षकाने त्याला गप्प करू नये. प्रथम त्या कलावंताची कला सांगावी, नंतर तिची झालेली हानी, आणि अखेरीस, आवश्यक तेवढाच, अपराधी. हा क्रम पाळला तर तीच वार्ता चवीने चघळण्याचा विषय न राहता माणुसकीचा पाठ होईल.