मोजायचे की मापायचे?

आपली मुले आता पहिलीपासून इंग्रजी शिकतात. महाराष्ट्रात ही सुरुवात 2000 साली झाली. तरीही दहावी-बारावी होऊन नोकरीच्या अर्जापर्यंत पोचलेल्या मुलामुलींची एक चूक काही सुटत नाही. चूक दिसायला एका अक्षराची आहे: 'इन्फर्मेशन्स', 'अ‍ॅडव्हायसेस', 'फर्निचर्स', 'लगेजेस', 'इक्विपमेंट्स'. या प्रत्येक शब्दाच्या शेवटी अनेकवचनाचा प्रत्यय लागला आहे, आणि इंग्रजीत तो तिथे लागत नाही. कसाऱ्याहून लोकलने कल्याणला किंवा मुंबईला मुलाखतीस जाणाऱ्या मुलीचे काम चांगले असले, तरी समोरच्या माणसाच्या हातात आधी तिचा अर्ज पडतो. एवढ्याशा प्रत्ययावरून तो तिच्याबद्दल मत बनवून मोकळा होतो.

घरी मात्र अशा चुकीला हसू नये. तिच्यामागे आळस नसतो. मूल घरच्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे इंग्रजीला लावत असते. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले. एक बातमी, चार बातम्या. उर्दूत मशवरा आणि मशवरे, खबर आणि खबरें. 'मालूमात' तर मुळातच अनेकवचनी. मग 'इन्फर्मेशन'चे 'इन्फर्मेशन्स' का होऊ नये, असे मुलाला वाटले तर त्याचा तर्क चुकीचा नाही. इंग्रजीची रीत वेगळी आहे, एवढेच त्याला सांगायचे आहे.

रीत काय आहे?

इंग्रजीत नामांचे दोन गट पडतात. ज्यांच्यापुढे एक, दोन, तीन असा आकडा थेट ठेवता येतो ती मोजता येणारी नामे: 'बुक', 'चेअर', 'गोट'. ज्यांच्यापुढे आकडा थेट ठेवता येत नाही ती न मोजता येणारी: 'वॉटर', 'राइस', 'मनी', 'अ‍ॅडव्हाइस'. दुसऱ्या गटातील नामांना सहसा अनेकवचन नसते आणि त्यांच्यामागे 'अ' किंवा 'अ‍ॅन' लावत नाहीत. 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' चूक, 'सम अ‍ॅडव्हाइस' बरोबर.

पहिल्या गटाला 'मेनी' आणि 'फ्यू', दुसऱ्याला 'मच' आणि 'लिटल'. मराठीत दोन्हींना एकच 'किती' चालते, म्हणून इथे घोटाळा होतो. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाकडे अर्धी किल्ली असते. 'कितना पानी' तिथे 'मच', 'कितने आदमी' तिथे 'मेनी'. पण किल्ली अर्धीच, कारण आपण 'कितने पैसे' म्हणतो आणि इंग्रजी 'हाऊ मच मनी' विचारते. 'मनी' मोजत नाहीत. मोजतात ते रुपये, म्हणून 'हाऊ मेनी रुपीज'.

हा भेद वस्तूंमध्ये नाही, भाषेच्या सवयीत आहे, हे मुलांना समजावणे सर्वांत महत्त्वाचे. आपल्या शहापूर-मुरबाडकडे भाताचे पीक. तांदळाचा दाणा तोच, पण आपण 'तांदूळ निवडले', 'गहू दळून आणले', 'केस विंचरले' असे अनेकवचनात बोलतो, आणि इंग्रजीत 'राइस', 'व्हीट', 'हेअर' ही एकवचनातच राहतात. कधी उलटही होते. आपली एक कात्री इंग्रजीत 'सिझर्स', एक चष्मा 'ग्लासेस'. 'पायजमा' हा पाय आणि जामा मिळून झालेला फारसी शब्द. तो आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि तिथे 'पजामाज' असा अनेकवचनी झाला.

आपल्या घरातही शब्दांनी असे वचन बदललेले आहे. 'अखबार' हे अरबीत 'खबर'चे अनेकवचन, पण आपण 'एक अखबार' म्हणतो. 'औलाद' हे 'वलद'चे अनेकवचन आणि मराठीतला 'अहवाल' हे 'हाल'चे. तरी ग्रामपंचायतीत 'एक अहवाल' सादर होतो. हे ज्याला कळले, त्याला 'न्यूज' दिसायला अनेकवचनी असून 'न्यूज इज' कसे, याचे नवल वाटणार नाही.

घरातली उदाहरणे

मोजणे आणि मापणे यांतला फरक आपल्या घरांना नवा नाही. हनफी फिकहच्या पुस्तकांत वस्तूंचे अददी, वजनी आणि कैली असे प्रकार येतात: मोजून द्यायच्या, तोलून द्यायच्या आणि मापाने द्यायच्या. अंडी आणि अक्रोड अददी. जकातीत शेळ्या-मेंढ्यांचा निसाब 40 नगांचा, चांदीचा 200 दिरहम वजनाचा. फित्र्यात तर दोन्ही एकत्र येतात. घरातली माणसे मोजायची आणि धान्य 'साअ'ने मापायचे. मुलाला विचारावे, घरात माणसे किती? 'हाऊ मेनी'. धान्य किती? 'हाऊ मच'. बकरी ईदला बकरा मोजला जातो, 'वन गोट'. गोश्त तोलले जाते, 'टू किलोज ऑफ मटन'. 'आय एट चिकन' म्हणजे कोंबडीचे गोश्त खाल्ले; 'आय एट अ चिकन' म्हणजे अख्खी कोंबडी एकट्याने संपवली! डाळीत केस निघाला तर मात्र 'अ हेअर' म्हणावे, कारण तो एकच आहे आणि मोजता येतो.

भांडे मोजा

न मोजता येणारी वस्तू मोजायची वेळ आली तर काय करावे? उत्तर आपल्या पाणवठ्यावर आहे. तानसा, वैतरणा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याच कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तिथली बाई 'दोन पाणी आणले' म्हणत नाही. ती 'दोन हंडे पाणी' म्हणते. आकडा हंड्याला लागतो, अनेकवचन हंड्याचे होते, पाणी जसेच्या तसे राहते. इंग्रजीचीही हीच युक्ती: 'टू पॉट्स ऑफ वॉटर', 'थ्री बॅग्ज ऑफ राइस', 'फोर स्लाइसेस ऑफ ब्रेड'. ज्याला भांडे नाही, त्याला 'पीस' हे भांडे: 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'अ पीस ऑफ न्यूज', 'फाइव्ह पीसेस ऑफ लगेज'. हंडा लक्षात राहिला की हा नियमही लक्षात राहतो.

अपवाद आहेत. हॉटेलात आपण 'दोन चहा' सांगतो तसे इंग्रजीतही 'टू टीज' चालते, कारण तिथे कप मनात धरलेला असतो. 'ग्लास' म्हणजे काच असेल तर मोजायची नाही, पाणी प्यायचा पेला असेल तर मोजायचा. 'पेपर' कागद असेल तर मोजायचा नाही. वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर मोजायची.

पालकांनी एवढे करावे. इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, न्यूज, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क, ट्रॅफिक, मनी, ब्रेड, राइस आणि हेअर हे बारा शब्द एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावेत. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांत नामाजवळ 'सी' किंवा 'यू' हे अक्षर छापलेले असते. 'सी' म्हणजे मोजता येणारे, 'यू' म्हणजे न येणारे. नवा शब्द आला की मुलाने ते अक्षर पाहायची सवय लावून घ्यावी. ज्या मातांना इंग्रजी येत नाही त्यांनीही संकोच करू नये. तांदूळ मापताना, अंडी मोजताना 'हे मच की मेनी?' एवढे विचारले तरी पुरे. उत्तर मूल देईल, आणि अर्ज लिहायची वेळ येईल तेव्हा तो नको असलेला प्रत्यय इन्शाअल्लाह आपोआप गळून पडेल.