पुडी बदलली, तबला तोच

तबल्याची पुडी फाटली किंवा शाई उडाली की वादक ती बदलून घेतो. खोड जुनेच राहते, कातडे नवे येते आणि त्या तबल्याला कोणी नकली म्हणत नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९५० ते १९७० या काळात बनलेल्या व्हॉल्वच्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या वाट्याला मात्र एवढा सरळ हिशेब आलेला नाही. त्यातला स्पीकर खरखरू लागला की जाणकारांचे दोन तट पडतात. मूळ स्पीकरला हात लावाल तर यंत्राचे मोलही जाईल आणि आवाजही, असे एक तट म्हणतो. दुसऱ्याच्या मते स्पीकर म्हणजे दिव्याचा बल्ब. गेला की नवा लावायचा. स्पीकर झिजणारी वस्तू आहे हे दुसऱ्या तटाचे म्हणणे खरे, आणि तिथे कोणताही स्पीकर चालत नाही हे पहिल्याचेही खरे. या वादाचा निकाल एका साध्या कसोटीवर लावता येतो असे मला वाटते: जे काम उद्या परत फिरवता येईल ते आधी करावे, जे फिरवता येणार नाही ते अगदी शेवटी.

ही कसोटी पटण्यासाठी आधी स्पीकरच्या पोटात काय असते ते पाहायला हवे. आजच्या स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन संशोधकांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या अरुंद गोल फटीत तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, अधांतरी असते. अ‍ॅम्प्लिफायरकडून येणारा प्रवाह तिला पुढेमागे ढकलतो, आणि तिला चिकटवलेला कागदी कोन तिच्याबरोबर हलून हवा हलवतो. कॉइल फटीच्या मधोमध राहावी म्हणून कोनाच्या मागे स्पायडर नावाची वळ्यावळ्यांची कापडी चकती असते, आणि सगळ्याला धरून ठेवायला धातूची चौकट. घरात गाणी ऐकायच्या स्पीकरकडून आपण एवढीच अपेक्षा ठेवतो की त्याने स्वतःचे काही मिसळू नये. गिटारच्या स्पीकरकडून अपेक्षा उलटी असते. साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे कर्कश स्वर तो जवळजवळ गिळून टाकतो, आणि जोरात वाजवल्यावर त्याचा पातळ कोन जागोजागी वेगवेगळा थरथरून स्वतःचा रंग भरतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर तोच ठेवून फक्त स्पीकर बदलला तरी वाद्य बदलल्यासारखे वाटते. पुडीची उपमा इथे तंतोतंत लागू पडते: चुंबक आणि चौकट म्हणजे खोड, कोन आणि कॉइल म्हणजे पुडी.

आता ही पुडी बिघडते कशी? स्पीकरला मिळालेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग आवाजात उतरतच नाही. त्याची उष्णता होते, आणि ती सोसावी लागते कॉइलला. जुन्या कॉइलची तार बहुधा कागदाच्याच नळीवर गुंडाळलेली असायची. ती तापून करपते, तिचा गोंद सुटतो, वेटोळे फुगून फटीच्या भिंतीला घासू लागते. कोनाचे दुखणे वेगळे. पन्नास-साठ वर्षांत कागद कोरडा पडतो, कडेच्या वळ्यांपाशी चिरतो. कुठे ओल लागून मऊ पडतो, तर कुठे कोणाचे बोट किंवा स्क्रूड्रायव्हर आरपार गेलेला असतो. तपासणीला फार साहित्य लागत नाही. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकर सोडवावा आणि कोन दोन्ही हातांनी सारखा दाब देत हळूच आत ढकलावा. खसखस ऐकू आली तर कॉइल घासते आहे. मल्टिमीटर लावल्यावर आठ ओमचा धडका स्पीकर सहा-सात ओम दाखवतो; काहीच दाखवत नसेल तर तार कुठेतरी तुटली आहे. तरीही दोष स्पीकरवर टाकण्याची घाई करू नये. पेटीचा ढिला स्क्रू, सैल जाळीचे कापड किंवा म्हातारा व्हॉल्वसुद्धा फाटक्या कोनासारखाच आवाज काढतो, आणि यातली कुठलीही तक्रार पेचकसाच्या दोन वेढ्यांत किंवा दुसरा व्हॉल्व लावून मिटू शकते.

दोष खरोखरच कोनात असेल तर पहिली पायरी डागडुजीची. कोनातली लहान चीर पातळ टिश्यू कागदाच्या पट्टीने आणि पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने जोडता येते. पट्टी जितकी हलकी तितकी बरी, कारण कोनावर वाढलेला प्रत्येक ग्रॅम त्याची चाल जड करतो. घाईने लावलेला कडक, जाड गोंद चीर बुजवतो, पण त्याच्या कडेला कोन पुन्हा फाटतो. सुटलेली मधली टोपी चिकटवता येते, कॉइलकडे जाणारी विणलेली तार तुटली असेल तर डाग देऊन जोडता येते. या दुरुस्त्या दिसायला मामुली असल्या तरी त्यांनी मूळ कोन आणि मूळ कॉइल जागच्या जागी राहतात. म्हणून त्यांचा मान पहिला.

कॉइल जळाली असेल तर गोंद कामाचा नाही. मग उरतो कोन आणि कॉइल दोन्ही नव्याने भरण्याचा मार्ग. कारागीर जुना कोन कापून काढतो, चौकटीवरचा गोंद खरवडतो, फटीत अडकलेले लोखंडाचे कण चिकटपट्टीने टिपतो. नवी कॉइल बरोबर मध्यावर बसावी म्हणून तिच्या आत पातळ पट्ट्या सरकवतो, आणि गोंद पूर्ण वाळल्यावरच त्या काढून टोपी बसवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या आसपास मांडवातले आणि मिरवणुकीतले स्पीकर भरून देणाऱ्यांचा धंदाही याच हातोटीवर चालतो. पण हातोटी एक असली तरी माल एक नसतो. भाषणासाठी किंवा दणक्यासाठी बनवलेला जड कोन जेन्सन कंपनीच्या १९५९ च्या स्पीकरच्या चौकटीत बसला, तर स्पीकर वाजेल, गिटारचा तो सूर मात्र निघणार नाही. डग्ग्याचे कातडे तबल्यावर ताणल्यासारखे होईल. शिवाय कापलेला कोन परत येत नाही. म्हणून नवा कोन भरणे ही कॉइल मेल्यावरचीच पायरी, आणि तीही त्या नमुन्याला जुळणारा संच मिळाला तरच.

अनेकदा यापेक्षा बरा मार्ग असतो तो मूळ स्पीकर उतरवून जपून ठेवण्याचा आणि वाजवण्यासाठी नवा लावण्याचा. चार स्क्रू आणि दोन तारा. उद्या पुन्हा पूर्ववत करता येते. व्हॉक्सच्या एसी ३० चे उदाहरण घ्या. तीस वॅटच्या या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सेलेस्टियनचे निळे स्पीकर दोन, प्रत्येकी पंधरा वॅटचे. बेरीज कागदावर जुळते, पण आवाज फाटेपर्यंत वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर तीसच्या पुढे जातो आणि साठ वर्षांच्या कॉइलला श्वास घ्यायला जागा उरत नाही. नवा स्पीकर निवडताना वॅटइतकेच ओम पाहावे लागतात. फेंडरच्या १९५९ च्या बेसमनमध्ये आठ ओमचे चार स्पीकर समांतर जोडलेले असतात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला दिसतात दोन ओम. त्यातला एक सोळा ओमचा झाला की हिशेब चुकतो आणि चौघांत कामाची वाटणीही सारखी राहत नाही. तिसरी गोष्ट संवेदनशीलतेची, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो त्याची: तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट किंवा निम्मी केल्यासारखे. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: स्पीकर काढलेला असताना व्हॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर चालू करणे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब चढू शकतो की तोच जळतो. आतले कपॅसिटर तर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून राहू शकतात. तेव्हा आतले काम जाणकारावर सोडावे.

मूळपणाचे आग्रही म्हणतील की नवा स्पीकर घातला की ते यंत्र ते राहिलेच नाही. पण मूळ म्हणजे नेमके काय, हे कारखान्यालाच विचारावे. स्पीकर फेंडर स्वतः बनवत नव्हते, बाहेरून घेत होते. एकाच नमुन्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कधी जेन्सन, कधी ऑक्सफर्ड येई. चौकटीवरच्या आकड्यांत ही नोंद असते: २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, पुढे वर्ष आणि आठवडा. २२०९२२ या आकड्याचा अर्थ, जेन्सनने नऊने संपणाऱ्या वर्षाच्या बाविसाव्या आठवड्यात बनवलेला. पुढे युद्धानेही निवडीत हात घातला. झाईरच्या शाबा प्रांतात १९७८ मध्ये लढाई पेटली, कोबाल्ट महागले आणि जेबीएलसारख्या कंपन्या कोबाल्ट असलेल्या अल्निको चुंबकाकडून फेराइटकडे वळल्या. ज्या भागाची निवड बाजारभाव आणि पुरवठा ठरवत होते, त्याला देवघरातल्या मूर्तीचा मान देणे मला पटत नाही. आणि चिंता किमतीचीच असेल, तर खोक्यात सुखरूप असलेला मूळ स्पीकर विकताना परत बसवता येतो. वाजवून जाळलेला नाही.

जुना कोन जितका मुरतो तितका गोड होतो, हा दुसरा आक्षेप. कागदाचे तंतू वापराने सैल होतात आणि आवाज मऊ होतो, हे खरे. पण तोच बदल पुढे नेला की कोन मलूल पडतो. शिवाय आज ज्यांची आपण तारीफ करतो ते टिकून राहिलेले आहेत. जे वाईट होते किंवा वाईट वापरले गेले ते केव्हाच भंगारात गेले. तिसरा आक्षेप सगळ्यांत चटपटीत: फाटक्या कोनानेच तर रॉकला आवाज दिला! किंक्स या रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहान एल्पिको अ‍ॅम्प्लिफायरच्या कोनाला ब्लेडने चिरा दिल्या आणि १९६४ च्या ‘यू रिअली गॉट मी’चा तो करवती सूर निघाला. पण त्या प्रयोगाचा उरलेला अर्धा भागही लक्षात ठेवायला हवा. फाटलेल्या एल्पिकोचा आवाज त्याने पुढे व्हॉक्सच्या एसी ३० मध्ये सोडला होता. चिरा स्वस्तातल्या अ‍ॅम्प्लिफायरला पडल्या. तो सूर खोलीभर पोचवायला धडधाकट स्पीकरच लागले.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडीवरून हाडाचा थोडा थर कायमचा जातो. म्हणून तो कानस चालवण्याआधी बराच वेळ नुसती तार छेडून ऐकतो. जुन्या स्पीकरसमोर बसणाऱ्यानेही एवढेच करायचे. आधी ऐकायचे आणि स्क्रू आवळायचे, मग टिश्यू आणि गोंद, मग बदली स्पीकर, आणि कोनावर सुरी सर्वांत शेवटी. उतरवलेल्या स्पीकरवर तारीख आणि अ‍ॅम्प्लिफायरचा क्रमांक लिहून तो कोरड्या जागी ठेवला, की पुढच्या मालकाला जुने-नवे दोन्ही ऐकून आपला निर्णय आपणच घेता येईल.