दातांच्या तारा आणि आपला रोजचा आहार

वेडेवाकडे, पुढे आलेले अथवा एकमेकांवर चढलेले दात सरळ करण्यासाठी तारा बसविण्याचा उपचार आता केवळ मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. सोलापूर शहराप्रमाणेच अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, सांगोला या तालुक्यांतील पालकही आपल्या मुलामुलींना या उपचारासाठी घेऊन येतात. तारा बसवून झाल्या की पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "आता याने खायचे तरी काय?"

या प्रश्नाला अनेकदा वर्ज्य पदार्थांच्या यादीने उत्तर दिले जाते. यादी हाती पडताच घरातील भाकरी, शेंगदाणे आणि फळे बंद होतात व त्यांची जागा दूध-बिस्किटे, पाव आणि केक घेतात. यात मुलाचे दुहेरी नुकसान होते. वाढीच्या वयात सकस अन्न कमी पडते आणि ज्या दातांसाठी एवढा खटाटोप केला, तेच दात किडू लागतात. सोलापूरच्या ताटातील फारच थोडे पदार्थ तारांमुळे खरोखर सोडावे लागतात. बाकीच्यांचे रूप तेवढे बदलावे लागते. ते कसे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

तारा काम कशा करतात?

प्रत्येक दातावर धातूचे अथवा सिरॅमिकचे एक लहान ब्रॅकेट चिकटविलेले असते. आकाराने ते ज्वारीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते. या सर्व ब्रॅकेटांमधून एक लवचीक तार ओवली जाते. तार आपल्या मूळ आकारात परत येऊ पाहते आणि त्या ओढीने दातावर सौम्य, पण सतत दाब पडतो. दाताच्या मुळाच्या एका बाजूचे हाड हळूहळू विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे हाड तयार होते व दात सरकतो. ही गती महिन्याला साधारण १ मिलिमीटर एवढीच असते. म्हणूनच या उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात.

उपचार संपल्यावर दाताच्या कठीण आवरणाला, म्हणजे इनॅमलला, इजा न होता ब्रॅकेट काढता यावे लागते. त्यामुळे त्याची पकड हेतुतः बेताचीच ठेवलेली असते. रोजच्या चावण्याला ती पुरते, परंतु एकाएकी बसलेला जोराचा दाब किंवा बाजूने बसलेला हिसका तिला सोसत नाही. ब्रॅकेट निघाले अथवा तार वाकली की त्या दाताचे सरकणे थांबते, कधी तो मागेही फिरतो. पुन्हा ब्रॅकेट बसवून गाडी रुळावर येईपर्यंत काही आठवडे वाया जातात. यंत्रमागावर किंवा विडीच्या कामावर रोज मिळवून रोज खाणाऱ्या कुटुंबाला तर प्रत्येक जादा फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. घासाघासाची काळजी घ्यावयाची ती यासाठी.

पहिला आठवडा

तारा बसविल्यावर काही तासांनी दात ठणकू लागतात. हे दुखणे दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आठवडाभरात ओसरते. पुढे तार बदलली वा घट्ट केली की दोन-तीन दिवस पुन्हा असा त्रास होऊ शकतो. या दिवसांत मऊ भात व वरण, मुगाची खिचडी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, आंबील, पातळ पिठले, दही, केळे, उकडलेले अंडे असा आहार द्यावा. ताजी भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून दिली तर ती पहिल्या आठवड्यातही खाता येते. मूल उपाशी राहत नाही ना, याकडे आईवडिलांनी अवश्य लक्ष द्यावे. वेदनाशामक गोळी दंतवैद्यांना विचारूनच द्यावी.

कठीण, चिवट आणि चिकट

पहिला आठवडा सरला की कोणत्याही पदार्थाला तीन प्रश्न विचारावेत. तो कठीण आहे काय? तो पुढच्या दातांनी ओढून तोडावा लागतो काय? तो दातांना चिकटून बसतो काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले तर तो पदार्थ निःशंकपणे खावा. होकारार्थी आले तर त्याचे रूप बदलता येते का, ते पाहावे.

आपली कडक भाकरी हे पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण. पापडासारखी वाळवलेली ही भाकरी सरळ दाताखाली मोडली तर तिचा कठीण तुकडा ब्रॅकेटवर आदळतो. मात्र तीच चुरून गरम आमटीत पाच-दहा मिनिटे भिजू दिली की मऊ पडते आणि चवीतही उणे राहत नाही. शेंगा चटणी बारीक कुटलेली असेल तर दह्यात अथवा तेलात कालवून खाण्यास हरकत नाही. त्यात शेंगदाण्याचे मोठे तुकडे राहू देऊ नयेत. अख्खे भाजके शेंगदाणे, फुटाणे, सुके खोबरे आणि सुपारी मात्र वर्ज्य समजावीत. बर्फ चावणे आणि पेनाचे टोपण चघळणे या सवयीही तेवढ्याच घातक आहेत.

दुसरा प्रकार ओढून तोडण्याचा. ऊस सोलणे, कणसाचे दाणे दातांनी ओरबाडणे, अख्ख्या पेरूचा वा सफरचंदाचा लचका तोडणे, हाडावरील मटण ओढून खाणे, या साऱ्यांत पुढच्या ब्रॅकेटांना हिसका बसतो. कणसाचे दाणे सुरीने उतरवून घ्यावेत, फळांच्या पातळ फोडी कराव्यात, मटण मऊ शिजवून हाडापासून सोडवून घ्यावे. येथे आपली हाताने जेवण्याची रीत फार उपयोगी पडते. भाकरी दाताने तोडावयाची नाही, हाताने लहान तुकडा मोडून दाढेखाली ठेवावयाची, एवढे एकच सूत्र पाळले तरी बरीचशी मोडतोड टळते.

तिसऱ्या प्रकारात चिक्की, रेवडी, टॉफी, च्युइंगम असे पदार्थ येतात. ते तार ओढतात आणि ब्रॅकेटभोवती तासन्तास चिकटून राहतात. यांना पर्यायी रूप नाही. उपचार पूर्ण होईपर्यंत ते टाळणेच इष्ट.

मऊ पदार्थ नेहमीच निर्धोक नसतात

बिस्किट, केक, पाव हे पदार्थ मऊ म्हणून निर्धोक वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा लगदा ब्रॅकेटच्या कडेला साचतो. तोंडातील जंतू त्यातील साखरेपासून व पिठापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल इनॅमलमधील खनिजे विरघळविते. प्रत्येक खाण्यानंतर हा आम्लाचा प्रभाव अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ टिकतो. त्यामुळे दिवसभरात एकूण किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे. चहा-बिस्किटे, गोळ्या, थंड पेये यांचे थोडे थोडे सेवन दिवसभर चालू राहिले तर ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. ही किडीची पहिली पायरी होय. असे डाग काही आठवड्यांतही पडू शकतात. मग दात सरळ होतात, पण तारा काढल्यावर त्यांवर चौकोनी पांढऱ्या खुणा उरतात.

याउलट ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय तंतुमय भाग आणि लोहही असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जिल्ह्याच्या ज्वारीचा असा गौरव झाला, तेथील मुलाने तारांच्या भीतीने भाकरी सोडून बिस्किटांवर राहावे, हे योग्य नव्हे. मुलींच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. तारांमुळे मुलीचे जेवण आणखी कमी होऊ देणे परवडणारे नाही. डाळिंबाचे दाणेही खुशाल खावेत, नंतर चूळ तेवढी भरावी.

सणवार व यात्रा

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेला गड्ड्यावर गेल्यावर मुलांना केवळ नकार ऐकवू नये. ऊस, चिक्की आणि पॉपकॉर्न टाळून इतर मऊ पदार्थ देता येतात. बोरे सुरीने कापून, बी काढून खावीत. हुरडा कोवळा व दुधाळ असेल तर हरकत नाही. संक्रांतीला तिळाची कडक वडी न देता मऊ लाडू कुस्करून द्यावा. आषाढी-कार्तिकीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या बारीक कुटासह करावी, भगर तर उत्तमच. गणपतीत उकडीचे मोदक चालतात. दिवाळीत कडक चकली व कडबोळी टाळावीत, चिवड्यातील डाळे, दाणे व खोबऱ्याचे काप वगळावेत. रमजानमध्ये खजूर बी काढून, लहान तुकडे करून खावा आणि शीरखुर्म्यातील सुकामेवा भिजवून बारीक करावा. गोड पदार्थ जेवणासोबतच खाऊन लगेच तोंड स्वच्छ केले तर सणाचा आनंदही राहतो आणि दातही.

स्वच्छता व तातडीचे प्रसंग

प्रत्येक खाण्यानंतर भरपूर चुळा भराव्यात, त्याला पेलाभर पाणी पुरते. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रॅकेटच्या वर आणि खाली दात घासावेत. मिश्री मुळीच वापरू नये, ती तंबाखूच होय. राखुंडीने इनॅमल झिजते. हळदीमुळे ब्रॅकेटवरील पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात. त्यात अपाय काही नाही, परंतु ज्यांना ते आवडत नाही त्यांनी गडद रंगाच्या कड्या मागून घ्याव्यात. हळद सोडण्याचे कारण नाही.

ब्रॅकेट सुटले तर ते ओढून काढू नये व पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नये. रुग्णालयात कळवून लवकरची वेळ घ्यावी. तार गालाला टोचत असेल तर टोकावर दंतवैद्यांनी दिलेले मेण लावावे. तोंड सोलवटले असल्यास पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. ब्रॅकेट गिळले गेले तर बहुधा ते शौचावाटे निघून जाते, तरीही दंतवैद्यांना कळवावे. मात्र त्यानंतर खोकला, गुदमरल्यासारखे होणे वा श्वासाला त्रास अशी लक्षणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे की, तारा बसविलेल्या मुलासाठी वेगळा स्वयंपाक मांडू नये. घरात जे शिजते तेच त्याला वाढावे, फक्त ते भिजवून, कुस्करून किंवा चिरून वाढावे. कोणत्या पदार्थाविषयी शंका वाटल्यास पुढील तपासणीच्या वेळी तो सोबत आणून दाखविला तरी आमच्या दंतविभागातील डॉक्टर आनंदाने मार्गदर्शन करतील.