पन्नाशीनंतरचा हंगाम

सीमाभागातल्या मादन हिप्परगा आणि आळंदच्या परिसरात गोल्फ कुणी खेळत नाही. इथं ओळखीचा खेळ म्हणजे जत्रेतला कुस्तीचा फड, आणि फडाचा हिशेब ठरलेला असतो: पस्तिशी आली की पैलवान लंगोट ठेवतो, फार तर वस्ताद किंवा पंच होतो. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठी व्यावसायिक गोल्फचा स्वतंत्र हंगाम असतो, हे ऐकून तो म्हाताऱ्यांचा लाड वाटणं साहजिक आहे. पण तो लाड नाही. वयाला झेपेल अशी स्पर्धा आखली आणि तिच्या पैशाची सोय लावली, तर उतारवयातही खेळ हा खरा रोजगार राहू शकतो, याचा तो पुरावा आहे.

अमेरिकेत 1980 साली मोजक्या स्पर्धांनी हा ज्येष्ठांचा हंगाम, म्हणजे दौरा, सुरू झाला. आज तो जानेवारीत हवाईला सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये संपतो. बहुतेक स्पर्धा शुक्रवार ते रविवार, 54 होलच्या (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा). तरुणांच्या दौऱ्यावर 72 असतात. बहुतेक ठिकाणी गाडीतून फिरायची मुभा असते आणि दोन फेऱ्यांनंतर कुणाला घरी पाठवत नाहीत. मुख्य स्पर्धेआधी हौशी खेळाडू पैसे भरून व्यावसायिकांसोबत एक फेरी खेळतात. प्रायोजकाला हीच फेरी मोलाची वाटते, आणि दौऱ्याचं अर्थकारण बरंचसं तिच्यावर उभं आहे.

गाडी दिली, होल कमी केले, मग कस कुठं राहिला, असं कुणी विचारेल. गाडी पायांचे कष्ट वाचवते, फटका मारून देत नाही. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरच्या टाचेची शीर फेब्रुवारी 2024 मध्ये तुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिनिक्सच्या स्पर्धेत, वयाच्या 67व्या वर्षी, शेवटच्या दिवशी 66 फटक्यांत फेरी संपवून आणि अखेरच्या होलमध्ये लांबून चेंडू घालून तो एका फटक्यानं जिंकला. हा त्याचा या दौऱ्यावरचा 47वा विजय. इथं जुनी कीर्तीच विकली जाते, हा दुसरा आक्षेप. त्याला स्टीव्हन ऑल्कर हे उत्तर आहे. मुख्य दौऱ्यावर एकही स्पर्धा न जिंकलेला हा न्यूझीलंडचा खेळाडू 2021 मध्ये पन्नाशी होताच सोमवारच्या पात्रता फेरीतून आत आला आणि 2022 व 2024 मध्ये वर्षभराच्या गुणतालिकेत पहिला आला. आपल्याकडचे जीव मिल्खा सिंग आणि ज्योती रंधावाही पन्नाशीनंतर युरोपच्या ज्येष्ठांच्या दौऱ्यावर उतरले.

श्रीमंतांच्या खेळाला हे परवडतं, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. कुस्तीत अंगावर अंग येतं, दुखापतीची भीती मोठी. तरीही जागतिक कुस्ती संघटना 35 ते 60 वयाच्या मल्लांचे वयोगट पाडते आणि त्यांच्या लढती दोन-दोन मिनिटांच्या दोन डावांत घेते. म्हणजे नियम बदलता येतात. कमी पडते ती पैशाची सोय. सीमाभागातल्या जत्रा कमिट्या इनामासाठी वर्गणी काढतातच. त्यातला काही भाग ज्येष्ठ मल्लांच्या वयानुसार जोडलेल्या छोट्या लढतींसाठी आणि डाव शिकवणाऱ्या वस्तादांच्या मानधनासाठी राखून ठेवला, तर लंगोट ठेवणं म्हणजे कमाई संपणं, हे समीकरण मोडेल. निवृत्त मल्लाला वर्षातून एकदा फेटा आणि नारळ देण्यापेक्षा हा सन्मान कितीतरी खरा आहे.